ड्रॉप घेतात, गॅप पडतो

सीबीएसईने ऑक्टोबर २०२४ मध्ये ७५ टक्के हजेरीच्या नियमाची शाळांना पुन्हा आठवण करून दिली, तेव्हापासून इंदुरातल्या आमच्या मराठी घरांमध्ये एक वाद अधूनमधून पेटतो. रामबागेत कुणाकडे सत्यनारायण असो की नाटकाचं मध्यंतर, बारावीतल्या एखाद्या आजारी पोराचा विषय निघाला की दोन तट पडलेच. एक तट म्हणतो, पोरगं दवाखान्यात पडून होतं, त्याला सवलत द्यायला तुमचं काय जातं? दुसरा म्हणतो, आजारपण कुणाला चुकलंय? आज एकाला सवलत दिली की उद्या अख्खा वर्ग सर्टिफिकेट घेऊन उभा राहील. मग चहा येतो आणि विषय सराफ्यातल्या गर्दीवर जातो.

दोन्ही तटांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, ती म्हणजे आजारी मुलगा काहीतरी फुकट मागतोय. भांडण फक्त द्यायचं की नाही एवढ्यापुरतं. मला हा पायाच चुकीचा वाटतो. आजारी मुलाला गुणांची सवलत देऊच नये. त्याला द्यायचा तो वेळ, आणि राहिलेलं पुरं केल्यावर 'हे पुरं झालं' असं सांगणारा कागद. तो कागद हातात असला की मधल्या वर्षात तुला काय झालं होतं, हे विचारण्याचं कॉलेजला काही कारण उरत नाही.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर कागद तपासायला बसते. मागे एकदा आलेली एक मुलगी डोक्यातून जात नाही. बारावीच्या नोव्हेंबरात तिच्या फुफ्फुसाभोवती पाणी झालं आणि टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं. शाळा म्हणाली, हजेरीचं बघू, तू परीक्षेला बस तर खरी. ती बसली. दोन पेपर दिले आणि तिसऱ्याच्या आधी डोळे पिवळे झाले. टीबीच्या गोळ्यांनी काहींच्या लिव्हरला सूज येते, तशी तिच्या आली. उरलेले तीन पेपर गेले. सीबीएसईच्या बारावीत एकच विषय राहिला तर पुरवणी परीक्षा देता येते. जास्त राहिले की निकालावर येतं 'इसेन्शियल रिपीट', म्हणजे पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. मंडळाने २०२० साली 'नापास' हा शब्द काढून हा आणला. शब्द सौम्य आहे, हेतूही चांगला असेल. पण वर्षभर पुस्तक न उघडलेला मुलगा आणि हाताला सलाइन लावून पडलेली मुलगी या शब्दाखाली शेजारी शेजारीच बसतात.

पुढच्या वर्षी तिने घरी अभ्यास करून सगळे विषय दिले आणि रसायनशास्त्रात ८८ आणले. आमच्याकडे ती आली तेव्हा क्लार्कने ते ८८ पाहिलेच नाहीत. त्याने दहावीचं साल पाहिलं, बारावीचं पाहिलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "एक साल का गॅप है. अ‍ॅफिडेविट लगेगा." बापलेक एमजी रोडला कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेले आणि दोन तासांनी स्टॅम्प पेपर घेऊन परतले. टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो, नाव आणि साल तेवढं बदलायचं. त्यात लिहिलं होतं की या अवधीत मी दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही आणि "किसी आपराधिक गतिविधि में लिप्त नहीं रही". खाली तिची सही, नोटरीचा गोल शिक्का. जिने ते वर्ष मळमळ आणि वजनाचा काटा यांच्यात काढलं, तिने शपथेवर लिहून दिलं की मी गुन्हे करत नव्हते.

तिच्या मागेच रांगेत एक मुलगा होता. त्याचंही एक वर्ष मोकळं. त्याच्या वडिलांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "जेईईसाठी ड्रॉप घेतला होता." टेबलावर सगळे समजूतदारपणे हसले. शपथपत्र त्यालाही लागलं, नियम तो नियम. पण का, कसा, आता बरा आहेस ना, वर्गात झेपेल ना, असं त्याला कुणी विचारलं नाही. माझ्यासकट. भंवरकुवा या कोचिंग क्लासांच्या भागात अशी ड्रॉपवाली मुलं पीजीत दाटीवाटीने राहतात आणि त्या परिसराचं निम्मं अर्थकारण त्यांच्यावर चालतं. बारा महिने इथेही, बारा महिने तिथेही. ड्रॉप मात्र घेतात आणि गॅप पडतो. एक कर्तबगारी, दुसरी खोट. भाषेने निकाल आधीच लावून ठेवलाय, अंकसूची नंतर येते.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात मजबूत म्हणणं घेऊ, कारण ते हवेतलं नाही. खोटी सर्टिफिकेटं मिळतात. कुठे मिळतात हे इंदुरातल्या कुठल्याही पालकाला विचारा, तो सांगणार नाही, पण त्याला माहीत असतं. शाळेत नाव घालायचं आणि दिवसभर कोचिंगमध्ये बसायचं, या डमी शाळांच्या धंद्याने हजेरीपत्रकाची अब्रू कधीच घालवली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीएसईने अचानक केलेल्या तपासण्यांनंतर दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची मान्यता काढली, ती उगाच नाही. हजेरीच्या नियमात २५ टक्क्यांची सूट आहे ती आजारपणासारख्या कारणांसाठीच, आणि या फटीतून निरोगी पोरं रांगेने आत शिरतात. हे मला मान्य आहे. शिक्षक म्हणून मी ते रोज पाहते.

पण सर्टिफिकेट खोटं का करतात? त्याच्या बदल्यात काहीतरी फुकटचं मिळतं म्हणून. हजेरी माफ होते, काम न करता काम झाल्याचा शिक्का बसतो. हेच उलटं करून पाहा. समजा सर्टिफिकेट दाखवून मिळणार असेल ते फक्त इतकंच, की तोच पेपर, तीच प्रात्यक्षिकं, तेच कष्ट, पण तीन महिन्यांनी. त्यासाठी कोण पैसे मोजेल? जिथे सवलत म्हणजे माफी असते तिथे खोट्याचा बाजार भरतो. मुदत द्या, माफी देऊ नका, म्हणजे अर्धे डॉक्टर आपोआप प्रामाणिक होतील. उरलेल्या अर्ध्यांसाठी हजेरीपत्रक आणि कोचिंगची फी-पावती शेजारी ठेवून पाहायची सोय शाळेला असतेच, फक्त इच्छा लागते.

यावर कुणी म्हणेल की तीन महिने जास्त मिळणं हाही फायदाच की! खरं आहे, स्पर्धेच्या जगात वेळ म्हणजेच गुण. पण मग वर्षभराच्या ड्रॉपवर आपला आक्षेप का नसतो? बारा महिने जास्त घेतलेल्या निरोगी मुलाचा नीटचा स्कोअर आपण पहिल्याच खेपेला बसलेल्या मुलाच्या स्कोअरशेजारी एकाच यादीत लावतो आणि त्याला गुणवत्ता यादी म्हणतो. ज्याने जास्तीचा वेळ आजाराशी झुंजण्यात घालवला, त्याच्याच बाबतीत आपल्याला समतेची आठवण व्हावी?

नियमांच्या पोटात तर याहून विचित्र गोष्टी आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला लागोपाठच्या दोनच वर्षांत बसता येतं आणि ती दोन वर्षं मोजतात बारावीला 'पहिल्यांदा बसल्या'च्या सालापासून. पास झालात की नाही, याला महत्त्व नाही. आता डेंग्यूतून उठलेला मुलगा डोळ्यांपुढे आणा. घरचे म्हणतात, बस तरी, वर्ष वाया नको जायला. तो दोन पेपर देतो, तिसऱ्याला कोसळतो. बारावी राहिली ती राहिलीच, वर अ‍ॅडव्हान्स्डचं घड्याळही सुरू झालं. बारावीच्या परीक्षेला बसलाच नसता, तर दोन्ही संधी पुढच्या सालाला शाबूत राहिल्या असत्या. म्हणजे जिद्दीने बसणाऱ्याला शिक्षा आणि घरी झोपणाऱ्याला मुभा. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजारी मूल नव्हतंच, एवढंच. कुणाच्या घरी या वर्षी असं दुखणं असेल, तर 'बस तरी' म्हणण्याआधी हा नियम एकदा वाचा, हे मात्र कळकळीने सांगते.

डोळ्यांसमोर आजारी मूल आणणं अशक्य आहे का? २०२१ साली आणलं होतं की. १ जूनला सीबीएसईची बारावीची परीक्षा रद्द झाली, दुसऱ्या दिवशी आपल्या मध्य प्रदेश मंडळाचीही. सीबीएसईने सूत्र काढलं, दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीचे ४०. भोपाळच्या मंडळाने दहावीच्याच गुणांवर निकाल लावला. सीबीएसईचा निकाल लागला ९९.३७ टक्के. एनआयटीसाठी बारावीत ७५ टक्के लागतात ही अट त्या काळात सलग तीन प्रवेशांना बाजूला ठेवली गेली. एकाही मुलाला नोटरीकडे जावं लागलं नाही. आज सवलतीच्या नावाने नाकं मुरडणाऱ्या कितीतरी घरांतली मुलं त्या सूत्रावर इंजिनिअर झाली आहेत आणि बरी निघाली आहेत. मी तर म्हणते, ते सूत्र गरजेपेक्षा उदारच होतं, कारण त्यात न शिकलेल्याचे गुण दिले गेले. आजारी मूल तेवढंही मागत नाही. मग साथ आली तर सूत्र आणि एकट्याला आजार आला तर शपथपत्र, हा न्याय कुठला?

साथीचं निघालंच आहे तर इंदूरचीच एक जुनी गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी होळकर दरबारने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं, त्याचा शहराचा अहवाल १९१८ साली छापला गेला. शहरात प्लेगचा धाक होता. गेडिसने महाराजांकडून एका दिवसापुरते अधिकार मागून घेतले, दिवाळीची मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की जे रस्ते सगळ्यात स्वच्छ होतील, ज्या गल्लीतली घरं साफसूफ, डागडुजी केलेली असतील, तिथूनच मिरवणूक जाईल. लोकांनी घरं झाडली, केराचे ढीगच्या ढीग बाहेर काढले. तुमचं घर घाण का, असं कुणाला विचारलं नाही, कुणाकडून खुलासा लिहून घेतला नाही. काम पुरं करा, मिरवणूक दारावरून नेतो. देशात स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या आमच्या गावाला ही रीत ओळखीची असायला हवी.

आता दुसरा आक्षेप, जो माझ्यातल्या शिक्षकाला खरा टोचतो. सहानुभूतीने आत घेतलेलं मूल पुढे टिकेल का? ज्याची सेंद्रिय रसायनाची तीन प्रकरणं ऑक्सिजनच्या नळीत गेली, त्याला बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात अभिक्रियांची यंत्रणा शिकवताना मी काय करू? हा प्रश्न क्रूर नाही. ज्याने ब्युरेट हातात धरलेलं नाही त्याला प्रयोगशाळेत सोडणं हेच क्रूर आहे. म्हणून तर अर्धवट राहिलेल्याला 'झालं' म्हणू नये, असं मी म्हणते. पण त्याला 'नापास'ही म्हणू नये. 'राहिलं आहे' असं म्हणायला शाळेच्या दप्तरी जागा हवी, आणि ते भरून काढायला तारीख हवी.

अशी जागा असू शकते. अमेरिकेत हायस्कूलच्या कोर्समध्ये आजारपणाने काम राहिलं तर शिक्षक 'इन्कम्प्लीट' अशी तात्पुरती नोंद करतात. ठरलेल्या मुदतीत काम दिलं तर खरी श्रेणी लागते, नाही दिलं तर बहुतेक ठिकाणी ती नापासात बदलते. लाड नाहीत, घड्याळ आहे. कॉलेजच्या अर्जात मूल स्वतः चार ओळी लिहू शकतं, शाळेचा समुपदेशक वेगळं पत्र लिहितो. तिथल्या शेकडो कॉलेजांना चालणाऱ्या कॉमन अ‍ॅपच्या फॉर्ममध्ये कोविडच्या काळात साथीच्या परिणामांबद्दल एक ऐच्छिक प्रश्न आला होता. साथ ओसरली, प्रश्न काढला नाही. रुंदावत नेला आणि आता तो कुणाच्याही व्यक्तिगत अडचणींसाठी आहे. आपण २०२१ चं सूत्र मात्र कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, दुसऱ्या मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडे नेता येतात. मुक्त विद्यालयाच्या बारावीवर आता नीटलाही बसता येतं. भोपाळच्या मंडळाने २०२५ पासून पूरक परीक्षेच्या जागी दुसरी परीक्षा आणली, आणि तिला गैरहजर राहिलेली मुलंही एकापेक्षा जास्त विषयांत बसू शकतात. मला हवं आहे ते जवळपास हेच. गाडी अडते ती आमच्या टेबलावर. दुसऱ्या परीक्षेचा निकाल हातात येईपर्यंत ई-प्रवेशच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन कॉलेज प्रवेशाच्या, पहिल्या फेऱ्या उरकलेल्या असतात, मुलाच्या वाट्याला सीएलसी म्हणजे कॉलेज पातळीवरच्या राऊंडमधल्या उरल्यासुरल्या जागा येतात. मुक्त विद्यालयातून आलेल्याला 'ओपनवाला' म्हटलं की स्टाफरूममध्ये भुवया चढतात. आणि गंमत बघा, तेच मूल एकदा कॉलेजात आलं की २०२१ पासून क्रेडिट बँक आहे, कमावलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. पदवीला असताना वर्षभर थांबा, कुणी काही म्हणत नाही. सतराव्या वर्षी, जेव्हा अंगात त्राण सगळ्यात कमी आणि घरचं दडपण सगळ्यात जास्त, तेव्हाच आपण थांबू देत नाही.

या चर्चेत रामानुजन हमखास निघतो. १९०६ साली मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात गेला, तीन महिन्यांत आजारी पडला, एफ.ए.ला, म्हणजे पदवीआधीच्या परीक्षेला, बाहेरून बसला, गणित सोडून सगळ्यात नापास. आणि तरी बघा! बघायचं काय? केंब्रिजहून गणितज्ञ हार्डीचा शब्द पडला तेव्हा १९१३ साली मद्रास विद्यापीठाने पदवीविना त्याला महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. आमच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या पोरीने हार्डी कुठून आणायचा? अलौकिक माणसांचे दाखले सवलतवाल्या तटाने आवरावेत. त्यांनी सामान्य मुलाची बाजू लंगडी होते.

सवलतवाल्यांचं अजून एक चुकतं. ते आजाराला इतर कारणांपासून वेगळं काढून देव्हाऱ्यात बसवतात. वडील वारल्यावर सियागंजात दुकानावर बसलेला मुलगा, लहान भावंडं सांभाळत घरी राहिलेली मुलगी, यांचं वर्ष काय हौसेने गेलं? त्यांना तर डॉक्टरचा कागदही मिळत नाही. चांगला डॉक्टर, नीट फाइल, खाजगी दवाखान्याची डिस्चार्ज समरी ज्याच्याकडे असते त्याचंच आजारपण सिद्ध होतं. एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत रांगेत उभ्या राहणाऱ्याच्या हाती चिठ्ठ्या असतात आणि त्या दोन पावसाळ्यांत विरतात. कारणांची खानेसुमारी करायला बसलात की न्याय कागदवाल्यांनाच मिळतो. त्यापेक्षा कारण विचारूच नका, पुरं झालेलं काम मागा.

शिवाय कारण विचारलं की ते सांगावं लागतं. त्या मुलीच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, कागदावर टीबी लिहायलाच पाहिजे का? पुढे स्थळं बघायची आहेत." मी म्हटलं, नुसतं 'आजारपण' लिहा. क्लार्क म्हणाला, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, आणि त्यावर आजाराचं नाव ठळक होतं. तो कागद तीन टेबलं फिरला. औषधं पूर्ण घेऊन बरी झालेली मुलगी, तिच्यापासून कुणाला काही धोका नाही, तरी पहिल्या महिन्यात प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये तिच्याशेजारचा स्टूल रिकामा राहायचा. कुणी काही बोललं नाही. टायट्रेशन मात्र त्या बॅचमध्ये सगळ्यात नेटकं तिचंच यायचं, शेवटचा थेंब अर्धा सोडायची.

आमच्या प्रवेश समितीत मी गेल्या वर्षी तीन गोष्टी मांडल्या. बारावीची अंकसूची पास दाखवत असेल तर मधल्या वर्षाचं कारण विचारू नये. दुसऱ्या परीक्षेच्या मुलांसाठी थोड्या जागा निकाल लागेपर्यंत धरून ठेवाव्यात. आणि पहिल्या महिन्यात हवं त्याला राहिलेली प्रात्यक्षिकं करायला शनिवारी प्रयोगशाळा उघडी ठेवावी, मी थांबते. तिसरी लगेच मान्य झाली, कारण तिला पैसे लागत नव्हते. दुसरीवर, वरून परिपत्रक आल्याशिवाय कसं, असं झालं. पहिलीवर एक सहकारी म्हणाले, "मॅडम, पण कळायला तर पाहिजे ना मुलं कशी आहेत ते."

यंदाच्या फॉर्मचा मसुदा परवा टेबलावर आला. 'गॅप असल्यास कारण' हा रकाना जिथल्या तिथे आहे. आधी त्यापुढे एक रेघ होती, आता दोन आहेत.